पन्हळीवर टाकलेलं उपरणं

अप्पा, तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. डोंगरावरच्या त्या शर्यतीवरून. भाजी निवडताना मध्येच एखादं तिखट उत्तर सुचतं आणि मी ते मोठ्यानं बोलून जाते. आज लिहून काढते, कारण कागदावर तुम्ही मध्ये बोलणार नाही. आधीच सांगते, मी चुकले नव्हते.

भांडणाचं मूळ शर्यतीत नाही. मी नऊ वर्षांची असताना कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातून दिवाळीच्या सुट्टीत घाटनांदूरला आले होते. मला तिथं घातलं म्हणून भाऊबंदांनी तुम्हाला वर्षभर टोमणे मारले होते. त्या सुट्टीत सगळे मिळून डोंगरावरच्या महादेवाला गेलो. मी देवळाभोवती पळत सुटले आणि गाभाऱ्यातलं तीर्थ जिच्यातून बाहेर वाहतं ती वीतभर रुंदीची दगडी पन्हळ उडी मारून ओलांडली. थोरले चुलते म्हणाले, "बघा, मडमीण झाली तुमची पोरगी." तुमचा हात उठला. सगळ्यांसमोर. "महादेवाला अर्धीच प्रदक्षिणा असती. पन्हळ आली की उलटं फिरायचं. काय बी झालं तरी वलांडायची न्हाई," असं म्हणून गाल हुळहुळत असतानाच तुम्ही मला तीन वेळा तसं फिरायला लावलंत. काय बी झालं तरी. शब्द तुमचे होते, अप्पा. मी फक्त ते लक्षात ठेवले.

पुढे मी आपल्याच गावात शाळेत इंग्रजी शिकवू लागले. एकतिसावं लागलं, लग्नाचा विषय घरात जवळजवळ बंद झाला. गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला होता, दोन-चार गच्च्यांवर डिशच्या छत्र्या दिसू लागल्या होत्या, आणि बीडहून आलेल्या एका क्रीडा अधिकाऱ्यांनी डोंगरावरून शर्यत काढायचं ठरवलं. पायथ्याच्या विहिरीपासून खडी चढण, वर देवळाला पूर्ण वळसा, मग मागच्या शेळ्यांच्या वाटेनं खाली. बायकांची शर्यत वेगळी. बोर्डिंगात सिस्टर रोज प्रार्थनेआधी मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या, त्यामुळे पळणं माझ्या अंगात होतं. मी पहाटे डोंगराच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ लागले.

"कावून पळायचं? कोण मागं लागलंय तुझ्या?" तुम्ही विचारलंत. "शाळंतली बाई तू. लोक दुकानात येऊन इचारतेत, तुमची पोरगी पहाटं डोंगरात काय हुडकती?"

"सांगा, पहिला नंबर हुडकती," मी म्हटलं. तुम्ही कापडाचं ठाण आपटून उघडलंत आणि गिऱ्हाइकाकडे वळलात.

मग बक्षीस जाहीर झालं: रंगीत टीव्ही. दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीच्या दाराशी पांढरे कॅनव्हासचे बूट होते, बीडच्या दुकानाच्या खोक्यात. तुम्हीच आणून ठेवलेले. पण ते पायात घालताना मला वाटलं, हे बूट माझ्यासाठी नाहीत, टीव्हीसाठी आहेत. देवळाचे पंच म्हणून वर बसून धावणाऱ्यांच्या कार्डावर शिक्का मारायचं काम तुम्ही घेतलंत, तेही मी त्याच खात्यात टाकलं. एकतीस वर्षांत माझी एक कविता, एक शर्यत, एक गॅदरिंग बघायला न आलेला माणूस टीव्ही म्हटल्यावर डोंगर चढतो!

तो दिवस मला अजून पायांत जाणवतो. मुरूम सुटा आहे, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. कुसळं सलवारीत घुसली आहेत. निम्म्या चढावर मी गुडघ्यांवर हात ठेवून चालते आहे, कारण तिथं कुणालाच पळता येत नाही. पुढे कुणी नाही. मागे दिंद्रुडची एक पोरगी, विशीची, अनवाणी, आणि तिचा श्वास मला ऐकू येतो आहे. पायऱ्या संपतात. चुन्याचे बाण देवळाच्या मागे नेतात, मी वळते, आणि समोर पन्हळ. बाण तिच्यावरून पलीकडे जातो. पलीकडे पाच पावलांवर टेबल, टेबलामागे तुम्ही. बाण आखणारे अधिकारी बाहेरगावचे, त्यांना पन्हळीची रीत ठाऊक नव्हती. पंचांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कारण त्या देवळाभोवती आपल्यातलं कुणी कधी पूर्ण फिरलंच नव्हतं.

मी थांबले. पाय आपोआप थांबले हे खरं आहे. पण तुम्ही उठलात. "वलांड गं! शर्यत हाय, पूजा न्हाई!" मी जागची हलत नाही असं बघून तुम्ही खांद्यावरचं उपरणं ओढलंत, वाकलात आणि ते पन्हळीवर पसरलंत. "हे बघ, झाकलं! झाकलं की दोष न्हाई! ये!"

मी तुमच्या डोळ्यांत बघितलं आणि उलटी फिरले. आल्या वाटेनं अख्खं देऊळ पुन्हा, नंदीसमोरून, पलीकडच्या अंगानं तुमच्या टेबलाकडे. वळताना दिंद्रुडची पोरगी मला घासून गेली. मी पोचेपर्यंत ती शिक्का घेऊन शेळ्यांच्या वाटेला लागली होती, आणि तुमच्या ओल्या उपरण्यावर तिच्या पायाचा मातकट ठसा होता. तुम्ही माझ्या कार्डावर शिक्का मारलात तो उलटा पडला.

खाली ती मला म्हणाली, "ताई, आमच्या घरी देव्हाराच न्हाई, मला कोण आडवणार? आन् तुमच्या वडलांनी तर गालिचा हातरला." मी मनापासून हसले. टीव्ही तिचाच होता, तिनं तो पळून मिळवला. मला प्रेशर कुकर मिळाला. पुरुषांची शर्यत दुपारी होती, तिच्याआधी पंचांनी पन्हळीवर फळी टाकली. पुरुषांसाठी फळी लगेच सापडली, हेही मी विसरलेले नाही.

पण मला खरं म्हणायचं आहे ते हे. नऊ वर्षांच्या पोरीला ज्या नियमासाठी चारचौघांत मारलंत, तो तुम्हाला हवा तेव्हा उपरण्याखाली झाकता येत होता, तर त्या दिवशी का नाही झाकलात? तेव्हाही खांद्यावर उपरणं होतंच. ते एवढं सोपं होतं हे मला एकतिसाव्या वर्षी कळावं? म्हणून मी फिरले. भक्तीनं नाही. तुमच्याच शब्दावर पाय रोवून मला तुमच्यासमोर उभं राहायचं होतं. आजही तिथं उभी केलीत तर आजही फिरेन.

त्या संध्याकाळी आई नव्या कुकरात वरण लावत होती. "टीव्हीत काय डाळ शिजती व्हय?" असं म्हणून तिनं घर हलकं करायचा प्रयत्न केला. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला होतात, उघड्या खांद्यानं. तिथूनच म्हणालात, "मी हाक मारली. ऐकू आली न्हाई का तुला?"

"वर वारा लई होता, अप्पा," मी म्हटलं.

"आसंल," तुम्ही म्हणालात. पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि तीन वर्षांनी गेलात. आता त्या डोंगरावर छातीला नंबर लावून, पुण्याहून गाड्या करून लोक पळायला येतात. परवा मला निशाण दाखवायला बोलावलं होतं. माइकवर मी मुलींना ही गोष्ट सांगितली, आणि तिथंही मी वाराच सांगितला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी डोंगरावर पानही हलत नव्हतं. उपरणं पसरताना टीव्हीचं नाव तुमच्या तोंडी नव्हतं. तुमचा आवाज फाटला होता आणि तुम्ही "ये माझे माय, ये" म्हणत होतात. नवव्या वर्षानंतर तसं तुम्ही मला कधी म्हटलं नव्हतं. मला ते ऐकू आलं होतं, अप्पा. ऐकून मी फिरले.