खाणीतलं पाणी आणि तुमचं गाऱ्हाणं

बाबा, काल देवळात अख्ख्या गावासमोर मी तुम्हाला खोटं बोलणारा माणूस म्हटलं. मागे घेणार नाही. गावात चार तोंडांनी चार तऱ्हेने सांगितलं जातंय, म्हणून म्हटलं, तुम्हाला तरी ते माझ्याकडूनच कळावं.

तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. गावावरच्या कातळाच्या सड्यावरची तुमची जुनी चिरेखाण तशीच आहे. खाली शेडी लागली, चिरा संपला, असं म्हणून मालकाने तिथलं काम थांबवलं आणि तुम्ही सगळे पलीकडे नवी खाण खणायला गेलात. पण त्याच पांढऱ्या चिकट मातीने पावसाचं पाणी असं धरून ठेवलं की भाद्रपदात खाण काठोकाठ भरते आणि शिमग्यापर्यंत तरी पोहण्याइतकं पाणी राहतं. तीन बाजूंना तुमच्या कुऱ्हाडींनी तासलेल्या उभ्या भिंती, चौथ्या बाजूने तुम्हीच सोडलेल्या पायऱ्या. आता तर रत्नागिरीहून शाळेतले मुलगे सुट्टीच्या दिवशी फडक्यात पोहे बांधून येतात, भिंतीवरून उड्या मारतात, कातळावर पालथे पडून अंग वाळवतात. वर नवी मोटार धावते, तिला हात करतात. तुम्ही घाम गाळलात तिथे लोक खेळतात हे तुम्हाला रुचलं नसतं, पण मला फार आवडतं.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, मी अकराची. न सोललेले दोन सुके नारळ मी शेंडीला शेंडी बांधून काखेत घेतलेत आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरले आहे. मुलगे असेच शिकतात हे काठावर बसून पाहिलेलं. पाय सुटतात, पोटाखाली नुसतं पाणी, आणि मी तरंगते आहे. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. तेवढ्यात तुमची आरोळी. नव्या खाणीवरून तुम्ही धावत आलात, पायऱ्या उतरून गुडघ्याइतक्या पाण्यात थांबलात आणि तिथूनच ओरडत राहिलात. मी चार हातांवर होते. मीच पाय मारत आले तेव्हा तुम्ही दंड धरून मला वर ओढलंत, नारळ कातळावर आपटून फोडलेत आणि त्या मुलग्यांच्या देखत माझ्या पाठीत दोन दणके घातलेत. मी रडले नाही. विचारलं, "पोरगे पवतात, तर मी का नाय?"

  मग तुम्ही वळलात, सड्याकडे तोंड करून हात जोडलेत आणि नवी खाण उघडताना देवाला गाऱ्हाणं घालायला लावायचा तोच आवाज लावलात. "बा सड्याच्या राखणदारा! ह्या पाण्यात बाईमाणसाचा पाय पडता नये, असं तू मला सांगितलंस. पडला तर गावाला तुझी बाधा. तुझा शबुद आमी पाळू रे म्हाराजा!" झाडाखाली तुमचे दहा-बारा गडी भाकरी खात बसलेले. गाऱ्हाण्याचा सूर कानी पडला की 'व्हय' म्हणायचं, ही जन्माची सवय. तोंडातला घाससुद्धा न गिळता सगळे एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

झालं. तुम्ही नुसतं बोलला असतात तर ती बापाची ताकीद राहिली असती. त्या दहा-बारा जणांच्या 'व्हय'ने तिचा गावाचा कायदा झाला, आणि तो तुम्हालाही मोडता येईना. बायका वर उभ्या राहून दोरीने घागर सोडायच्या आणि लांब कातळावर धुणी बडवायच्या. त्याच पाण्यात म्हशी मात्र दुपारभर डुंबायच्या.

पुढच्याच वर्षी तुमची छाती भरली. आई पेज घ्यायला आत गेली होती तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. "राखणदार मला काय बोलला नाय गो. माझ्याच तोंडातनं गेलं ता. मला पवायला येत नाय. तू गटांगळ्या खायला लागलं असतंस, तर मी काय काठावर हुबा राहून बगणार व्हतो?"  आई पेज घेऊन आली आणि तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी बारा वर्षांची, बाबा. तुम्ही ते माझ्या पदरात टाकून मोकळे झालात.

दोन पावसाळे मी दम धरला. मग भरदुपारी, गाव जेवून लवंडलं की, काष्टा घट्ट खोचून त्याच पायऱ्यांवरून उतरू लागले. लग्न याच गावात वरच्या वाडीत झालं. नवरा बोटीवर खलाशी, त्याला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. गेल्या तीन वर्षांपासून मी पोहायला शिकवतेही; आधी माझी मुलगी, मग शेजारच्या, असं करत अकरा पोरी झाल्या. यंदा आंब्याचा मोहोर करपला आणि गावाला त्याचं कारण आमच्या पायांत सापडलं.

काल त्यासाठीच देवळात बोलावलं होतं. देवीचा कौल घ्यायला गुरव पाषाणाला फुलं लावणार, उजवं पडलं तर पोरींनी उतरायचं, डावं पडलं तर माझ्या हयातीत बंद. गावचे पहिले मानकरी, गावकर, म्हणाले, "गाऱ्हाणं तुझ्या बापसानं घातलेलं, आमी नाय. आनी तूच मोडतंस?" मी म्हटलं, "म्हशी उतरतात त्या कोन, पुरुष?" मागे बायका खुसखुसल्या. गावकर वाईट माणूस नाही. त्यांनी वाट काढून दिली, "पानी भरताना पाय घसरला तर जीव वाचावा म्हणून शिकवतंस, असं बोल. देवीकडनं सूट मागू." हो म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि या पाण्यावर एक खोटं पुरे झालं. मी म्हटलं, "नाय. मजा येते म्हणून शिकवतंय. पोरग्यांना कोन विचारतं, कशाला पवता म्हणून?"

"म्हंजे मजेसाठी राखणदाराचा शबुद मोडायचा?"

"राखणदारानं शबुद दिलाच नव्हता. माझा बापूस खोटं बोलला. मरताना मला सांगून गेला."

गुरवाचा फुलाचा हात तसाच राहिला. तुमच्या गड्यांपैकी एक म्हातारा तेवढा हयात आहे, तो गोंधळून उठला. "आनी आमी व्हय बोललो ता?" मी म्हटलं, "तुमी भाकरी खात व्हतात, काका." मग गावकरांनी विचारलं, "खोटं कशाला बोलंल तो?" मी म्हटलं, "पोर ऐकत नव्हतं म्हणून." खोट्या गाऱ्हाण्यावर देवीला कौल लावता येत नाही, असं पुटपुटत गुरवाने फुलं परडीत टाकली आणि सभा तशीच उठली. बाहेर पायरीवर तुमचा धाकटा भाऊ, माझे सख्खे काका, उभे होते. "मेल्या माणसाचं तोंड काळं केलंस. माझ्या दारात पाय ठेवू नको," म्हणाले. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली आहे. आज अकरांतल्या चारच पोरी आल्या. चौघींना घेऊन मी उतरले, आणि उद्या एकही आली नाही तर एकटी उतरेन.

तुमचा राग येतो तो मारल्याचा नाही. पोहता येत नाही, भीती वाटते, एवढंच त्या दिवशी म्हणाला असतात तर मी काठावरच थांबले असते. नाहीतर आपण दोघं मिळून शिकलो असतो, कुणी नसताना, त्याच पायऱ्यांवर. माझा हट्ट तुम्हाला मोडता आला नाही म्हणून तुम्ही देवाला मध्ये घातलंत, आणि तेरा-चौदा वर्षं माझ्याखेरीज गावातली एकही पोर त्या पाण्यात हसली नाही. याची माफी मी तुम्हाला अजून दिलेली नाही. देईन असं वाटतही नाही.

हा कागद कुठल्याच टपालात पडायचा नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही खोटं बोललात हे मी गावाला सांगितलं, का बोललात ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर काकांचा राग उतरला असता, आणि तुम्हालाही कुणी नावं ठेवली नसती. ओठांवर आलं होतं, मी गिळलं. तुमची लाज राखायला नव्हे हं. तुम्ही माझ्यासाठी घाबरला होतात हे जगात मला एकटीलाच माहीत आहे, आणि ते मला कुणाला द्यायचं नाही.