माझ्या नावाचं पोर

कातोजो,
१० मार्च २०१२

चि. तुशाबे हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यांत आधी कोण टपकली म्हणशील, तर कोबुसिंगे. बसवाल्याने तुझं पाकीट हातात दिलं, मी ते धड फोडलंही नव्हतं, तोच ही शेजारीण कुदळ खांद्यावर टाकून दारात हजर. विचारते कशी, की कंपालात पोरीला नवरा मिळाला का, का अजून दात पडायची वाट बघतेय. मी म्हटलं, नवरा नाही, पाहुण्या मिळाल्यात, गोऱ्या, दोन, आणि त्या माझ्या घरी उतरणार आहेत. तिने कुदळ खाली ठेवली आणि बसलीच. मग तिच्या मागून तिची सून आली, सुनेमागून कोंबड्या आल्या. दुपारपर्यंत उठायचं नाव नाही.

तू लिहिलंयस ते मी तीनदा वाचलं. दुसरी पास बाई मी, हळूहळू वाचते. पावसाळ्यात जंगलाचा पास स्वस्त मिळतो, ते कळलं. हॉटेलाऐवजी आपल्या घरी राहिल्या की आणखी स्वस्त, तेही कळलं. पण पावसात आपला रस्ता कसा होतो ते त्यांना सांगितलंयस ना? गेल्या वर्षी पाद्रीबाबांचा बूट त्या चिखलाने गिळला तो अजून सापडला नाही.

आता मुख्य गोष्ट, ती राहूनच जात होती. तुझ्या भावाच्या, बाम्विनेच्या, टोळीत सहा महिन्यांपूर्वी गोरिलाचं पोर झालं, मुलगी, तिचं आता बारसं झालंय. तो रोज पहाटे त्यांचा माग काढत जातो, म्हणून या खेपेला नाव ठेवायचा मान त्याला मिळाला. त्याने काय ठेवलं सांग? पेरागिया! माझं नाव! म्हणे प्रत्येक गोरिलाचं नाक वेगळं असतं, नाकावरूनच ते ओळखतात, आणि हिच्या नाकाशेजारी माझ्यासारख्याच दोन सुरकुत्या आहेत. कोबुसिंगे हसून हसून लोळली. म्हणाली, सत्तर वर्षं शोधत होतीस ते तुझं गणगोत सापडलं एकदाचं. हसू दे. तिच्या नावाची तर शेळीसुद्धा नाही.

पाहुण्यांना माझं पोर बघायला मिळालं पाहिजे, एवढंच माझं मागणं. पत्र पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी,
पेरागिया

---

कंपाला,
१९ मार्च २०१२

ती. आजीस तुशाबेचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या नावाचं कळल्यावर मी ऑफिसात एकटीच हसत बसले. दादाला सांग, नाकाचं त्याने बरोबर हेरलं.

आता पाहुण्यांचं. दोघी बहिणी आहेत, पोलंड देशाच्या. थोरली यादविगाबाई शाळेत शिकवायची, आता निवृत्त झालीय. धाकटी बार्बरा. थोरलीने गोरिला बघायचे म्हणून अकरा वर्षं पैसे बाजूला टाकत टाकत जमवलेत, म्हणूनच पावसाळा आणि आपलं घर. त्यांना नाचणीचा गोळा, घेवडा, बटाटे, जे आपण खातो तेच दे. प्यायला बुशेरा द्यायचा तर जपून, आंबून फसफसलेला नको. बुधवारी १८ एप्रिलला पोचतील, शुक्रवारी जंगलात जातील.

एक नियम नीट वाच. सकाळी जंगलाच्या चौकीवर विचारतात, कुणाला सर्दीखोकला आहे का. असेल तर आत सोडत नाहीत. गोरिलांना आपला खोकला लागतो, आणि तो त्यांना आपल्यासारखा आठ दिवसांत सोडत नाही. तेव्हा दोघींना ओल्यात बसू देऊ नकोस.

आजी, हे नीट पार पडलं तर मी ही दुसऱ्याच्या ऑफिसातली नोकरी सोडणार आहे. यांच्यासारख्या बेताच्या खिशाच्या लोकांना पावसाळ्यात आणायचं, गावातल्या घरांत ठेवायचं, एवढाच माझा धंदा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पावसाळ्यासाठी अकरा जण विचारून गेलेत. सगळं या दोघींवर आहे. म्हणजे तुझ्यावर आहे.

तुझ्या हातच्या घेवड्याला आसुसलेली,
तुशाबे

---

कातोजो,
२३ एप्रिल २०१२

चि. तुशाबे, सुखी राहा, आणि लवकर नोकरी सोड!

आल्या, राहिल्या, रडल्या, गेल्या. कुठून सुरुवात करू? गाडी वळणावर रुतली, ती ओढायला अर्धा गाव गेला. कोबुसिंगे मधोमध उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती आणि स्वतः दोरीला बोटही लावत नव्हती. यादविगाबाई चिखलातून अनवाणी चालत आली. मला मिठी मारली आणि अशी खोकली की कोंबड्या उडाल्या.

विमानातच धरलं होतं म्हणे तिला. खुणा करून सांगत होती. नियम तिला ठाऊक होता गं. बाकावर बसून तिने डोळ्यांना पदर, म्हणजे तो गळ्यातला पंचा, लावला. अकरा वर्षं! माझ्या दारात आलेला पाहुणा रडत परत जाणार? बाम्विने त्या आठवड्यात जंगलातल्या तळावरच मुक्कामाला होता, नाहीतर त्याला विचारलं असतं. तर मीच कंबर कसली. निलगिरीचा पाला उकळून घोंगडीखाली तिला वाफ दिली, दोन्ही दिवस. मुबिरीझीच्या पाल्याचा कडूजहर रस पाजला, तोंड असं केलंन की बघत राहावं. वर मध आणि आलं. शुक्रवारी सकाळी आवाज चर्चच्या घंटेसारखा! तरी घसा खवखवला तर, म्हणून एक आल्याचा तुकडा गालात, दोन मुठीत. चौकीवरच्या शिपायाने विचारलं, हिने नाही म्हणून मान हलवली, चकार खोकली नाही. मी फाटकापाशी उभी राहून बघत होते. जिंकल्यासारखं वाटलं.

आणि दिसली बाई, माझी पेरागिया दिसली! आईच्या पाठीवरून उतरली आणि रांगत थेट यादविगाबाईच्या बुटाच्या नाडीला येऊन हात घातला. बाम्विनेने हुसकावून लावेपर्यंत तिथेच. एवढं जवळ येऊ द्यायचं नसतं, पण पोराला कोण सांगणार? संध्याकाळी सगळे माझ्याकडे जेवले, बाम्विनेही आला. यादविगाबाईने त्याचा हात सोडलाच नाही. परत येणार म्हणाल्या, तारीख पत्राने कळवतो म्हणाल्या.

तुझ्या धंद्याला माझ्या म्हाताऱ्या हातांचं बळ.

आजी

---

कातोजो,
६ मे २०१२

चि. तुशाबे हिस आशीर्वाद.

पाऊस थांबत नाही. बटाटे कुजताहेत. ते असू दे.

बाम्विनेला कामावरून बसवलंय. पाहुण्या गेल्यावर चार दिवसांनी त्याला खोकला सुरू झाला. त्याने लपवलं नाही, स्वतः चौकीवर जाऊन सांगितलं आणि घरी आला. त्याच आठवड्यात टोळी खोकायला लागली. आधी पांढऱ्या पाठीचा म्होरक्या, मग बायका. जनावरांचे डॉक्टर दुरून बंदुकीने औषध मारताहेत. पाहुण्यांना टोळी बंद. पोराचं नाक वाहतंय असं त्याच्या सोबत्याने येऊन सांगितलं. चौकशी लागलीय, आणि सगळे म्हणतात बाम्विने खोकला असून दोन दिवस आधी आत गेला असणार. उद्या-परवा नाव कायमचं कापतील.

तो दिवसभर घरीच असतो. दारात बसतो, जंगलाकडे तोंड करून. काल मला विचारलं, की आजी, त्या बाईला बरं होतं ना? मी म्हटलं, होतं. मग मी घेवडा निवडत बसले. निवडलेलाच घेवडा पुन्हा निवडत होते.

तुशाबे, वाफेने खोकला जातो, का नुसता गप्प बसतो? तू शिकलेली आहेस. लवकर लिही.

आजी

---

कंपाला,
११ मे २०१२

ती. आजीस नमस्कार.

तुझं एप्रिलचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते, आजी. आल्याच्या तुकड्याला हसले होते. म्हणजे मलाही कळलं नाही.

तो नुसता गप्प बसतो.

पण आता माझं ऐक आणि हे पत्र चुलीत घाल. कुणालाही काही सांगू नकोस. दादा तरुण आहे, त्याला दुसरं काम मी बघते. कळलं की माझ्या पाहुणीने हे आणलं, तर मला पुन्हा एकही पास मिळणार नाही. नोव्हेंबरचे अकरा जण जातील. मी ३० एप्रिललाच नोकरी सोडलीय, तुला आनंदाने सांगणार होते. दादाला बाजारातून सर्दी लागली असेल, असं म्हण. असेलही. कुणाला ठाऊक?

माझ्यावर रागावू नकोस. मी रडत लिहितेय.

तुशाबे

---

कातोजो,
२४ मे २०१२

चि. तुशाबे हिस आजीचे आशीर्वाद, घेणार असशील तर.

पत्र चुलीत घातलं. तेवढंच तुझं ऐकलं.

पोर गेलं. पंधराला, मंगळवारी. बाम्विनेच्या सोबत्याने येऊन सांगितलं, की आई ते खाली ठेवत नाही. पाठीवर टाकून हिंडते, थांबली की पुढे घेऊन केस विंचरते.

पुढे काय झालं सांगते, लांबण लागतंय माझं. बुधवारी सकाळी मी दार उघडलं, तर वाफ्यात कुणी नव्हतं. तुला ठाऊक आहे ना, गावात मयत झालं की त्या दिवशी आपण कुदळ उचलत नाही. मला वाटलं कोण गेलं? तेवढ्यात कोबुसिंगे आली, रिकाम्या हातांनी. बाकावर माझ्या शेजारी बसली. मी विचारलं, तुझी कुदळ कुठे? म्हणाली, पेरागिया गेली ना. मग तिची सून आली, आणि दोघी-तिघी आल्या, सगळ्या रिकाम्या हातांनी. जनावरासाठी कुणी बसत नाही, तुशाबे. माझ्या नावाचं होतं म्हणून बसल्या. कोबुसिंगेने एक टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारला असता तर मी निभावलं असतं.

मी उठले आणि तशीच चौकीवर गेले. साहेबाला सगळं सांगितलं. वाफ, रस, आलं, मुठीतले दोन तुकडे. त्याने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी खाली माझं नाव घातलं. पेरागिया. चारच अक्षरं, पण मला मेलीला फार वेळ लागला.

बाम्विनेला परत घेतलंय. तुझं नाव यादीतून काढलंय, तुझ्याकडून कुणालाही पास द्यायचा नाही. हे मी केलं. तुझं पोट मी तोडलं, शिव्या दे, ऐकीन. पण तू रडत लिहिलंस ना, ते वाचून मला बरं वाटलं. तुला कळत होतं.

बाम्विने तळावर राहतो. घरी येत नाही. आई अजून ते घेऊन हिंडतेय, तो मागे मागे असतो.

घर तुझंच आहे, काम मिळेपर्यंत ये. घेवडा आहे.

तुझी आजी,
पेरागिया

ता. क. पाकीट बंद करताना बसवाला त्या दोघींचं पत्र देऊन गेला. मास्तरांकडून वाचून घेतलं. आत फोटो आहे, बुटाची नाडी धरलेला. यादविगाबाईचा खोकला घरी गेल्यावर पुन्हा उलटला होता, आता बरा आहे म्हणे. त्यांना काही ठाऊक नाही. पुन्हा पावसाळ्यातच येणार, तेव्हा स्वस्त पडतं म्हणून. तोवर छोटी चालायला लागली असेल, असं लिहिलंय. शनिवार, तीन नोव्हेंबर.