न केलेल्या उपोषणाच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
नवी वसाहत पाणी निचरा उपविभाग,
अहमदपूर, जि. लातूर

अर्जदार: बसलिंगप्पा शिवप्पा हालकुडे, वय ७१, धंदा शेती व किराणा, रा. अहमदपूर

विषय: नव्या वसाहतीच्या नालीचे पाणी माझ्या विहिरीत येणे बंद करणेबाबत व माझ्या पत्नीस बजावलेली उपोषणाची नोटीस परत घेणेबाबत.

संदर्भ: (१) माझे संमतिपत्र, दि. ९ मे १९८६
(२) माझी तक्रार, दि. २१ जुलै १९८८
(३) आपली नोटीस, दि. २५ जुलै १९८८

महोदय,

वरील विषयास अनुसरून लिहितो की, यात चूक माझीही आहे. ती आधीच नोंदवतो, म्हणजे आपणास शोधण्याचे कष्ट पडणार नाहीत. सन १९८६ च्या दुष्काळात माझी विहीर दिवसाला एक घागर पाणी देत होती. जिल्हा नवा झाल्यावर वाढलेल्या कचेऱ्यांतील नोकरदारांसाठी त्याच साली माझ्या शेताच्या वरच्या अंगाला दोनशे बारा प्लॉटांची वसाहत आखली गेली. पावसाचे पाणी कुठे काढावे हा आपल्यापुढे प्रश्न होता, आणि पाणी कुठून आणावे हा माझ्यापुढे. आपले ओव्हरसियर श्री. शेषेराव नकाशा घेऊन माझ्या दुकानात आले. नकाशात उघडी नाली, तिच्या शेवटी गाळ बसण्यासाठी दोन टाक्या, पुढे वाळू-कोळशाची गाळणी, आणि गाळलेले पाणी मुरवण्यासाठी माझ्या विहिरीपासून साठ फुटांवर खड्डा होता. मी त्यांना चहा पाजला व संमतिपत्रावर सही केली.

२. पैकी नाली व खड्डा झाला. टाक्या व गाळणी आजतागायत झालेली नाही. गेल्या साली मी विचारणा केली असता श्री. शेषेराव यांनी दिलेले उत्तर शब्दशः असे: "आप्पा, आभाळात पानीच न्हाई तर गाळायचं काय? पाऊस येऊ द्या, बांधू की. मी सांगायलो न्हवं?" त्या दिवशी मलाही ते पटले, हेही कबूल करतो. टाक्यांसाठी उतरलेल्या विटांचे पुढे आपल्या कार्यालयास कुंपण झाले. कुंपण सुबक आहे. दरम्यान वसाहतीतील घरांनी आपापल्या मोऱ्या त्याच नालीला जोडून घेतल्या, आणि त्यांना कोणी हटकले नाही.

३. दि. १९ जुलै रोजी मोठा पाऊस झाला. खड्डा भरून बांध फुटला व नाली थेट विहिरीत उतरली. विहीर एका रात्रीत काठोकाठ भरली. वर साबणाचा फेस होता. खाली काय होते ते सरकारी कागदावर लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून सोबत बाटलीत भरून पाठवीत आहे. बूच काढण्यापूर्वी खिडकी उघडावी.

४. आता माझ्या पत्नीविषयी. सौ. दानम्मा, वय ६६. आम्ही लिंगायत. गळ्यातील इष्टलिंग तळहातावर घेऊन रोजची पूजा झाल्याशिवाय ती अन्न सोडाच, पाण्याचा घोटही घेत नाही. पूजेला पाणी आमच्याच विहिरीचे लागते. ती विहीर खोदताना दानम्माने पोटुशी असूनही डोक्यावर माती वाहिली होती. झरा लागला त्या दिवसापासून तिने लिंगाला दुसरे पाणी घातलेले नाही. दुष्काळात आम्ही टँकरचे प्यालो, पण त्या एका घागरीतला पहिला तांब्या लिंगाला गेला. दि. २० रोजी ती पोहरा घेऊन विहिरीवर गेली व तसाच कोरडा घेऊन परतली. पूजा झाली नाही, म्हणून जेवण झाले नाही. असे तीन दिवस गेले.

५. मी दि. २१ च्या तक्रारीत "पत्नीने अन्न सोडले आहे" असे लिहिले. दोन वर्षांत दोन टाक्या न बांधणाऱ्या आपल्या कार्यालयाने चार दिवसांत नोटीस बजावली की, सौ. दानम्मा यांनी पूर्वसूचना न देता उपोषण सुरू केले असून ते तात्काळ मागे घ्यावे, अन्यथा कारवाई होईल. साहेब, ती आपल्याविरुद्ध उपाशी नव्हती. आपण या जगात आहात, हेच तिला तोवर ठाऊक नव्हते. त्याच नोटिशीत पुढे म्हटले आहे की, विहिरीची पातळी एकवीस फुटांनी वाढल्याने अर्जदार हा योजनेचा लाभार्थी आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पूर्वी अशा कागदासाठी उस्मानाबादला मुक्कामाने जावे लागे. जिल्हा नवा झाला तेव्हा साहेब लोक जवळ आले म्हणून मी दुकानात पेढे वाटले होते. आता त्याचीही लाज वाटते. नोटीस या अर्जासोबत परत करीत आहे.

६. दि. २३ रोजी सकाळी दानम्मा चुलीपुढे कोसळली. मी मैलभर लांबून केरबा या शेतकऱ्याच्या विहिरीची घागर आणली आणि तिला सांगितले की, साहेबांनी माणसे लावली, नाली वळवली, विहीर उपसून दिली, हे आपलेच पाणी आहे. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी इतके मोठे खोटे बोललो नव्हतो. तेही तिच्या हातावर लिंग असताना, आणि त्यात आपली तारीफ करून. तिने पूजा केली, दुधात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली. तेव्हापासून रोज पूजा आटोपली की ती आपल्यासाठी मागते, "त्या साहेबाच्या लेकराबाळाला सुखी ठेव रे बाबा." आपले नाव तिने मला दोनदा विचारले. मी सांगितलेले नाही. हा आशीर्वाद आपण काम न करता घेत आहात, आणि मला तो रोज तिच्या उशाशी बसून ऐकावा लागतो, याची दप्तरी नोंद व्हावी.

७. डॉक्टर म्हणतात, आठ दिवसांत ती हिंडू-फिरू लागेल. उठली की ती आधी विहिरीवर जाईल. तरी त्यापूर्वी नाली वळवावी, मोऱ्या तोडाव्यात, टाक्या व गाळणी बांधावी आणि विहीर उपसून द्यावी. न केल्यास ती पुन्हा अन्न सोडील, आणि या खेपेस मी आणलेले पाणी ती हातात धरणार नाही.

आपल्या दप्तरी लाभार्थी,

(सही)
बसलिंगप्पा शिवप्पा हालकुडे
अहमदपूर, दि. १ ऑगस्ट १९८८