कोटाचं भोक

मंगळवार, ४
सेनापतींचा कोट दुरुस्तीला आलाय म्हणाले. उघडून बघते तर कोरा करकरीत! सोबतचा कारकून दात काढून म्हणतो, "बाई, दुरुस्ती उलटी आहे. डाव्या खांद्यात गोळीचं भोक पाडा. जुनं दिसलं पाहिजे." तीस वर्षं भोकं बुजवली या हातांनी! हाकलणार होते. तर म्हणे, "मालक छावणीत आचारी आहेत ना? काम चोख झालं तर महिन्याभरात घरी."
कोट ठेवून घेतला.

बुधवार, ५
तापल्या सळईनं भोक पाडलं. कडा दगडावर घासल्या, चहाच्या पाण्यात बुडवल्या. शी!

गुरुवार, ६
कोट गेला आणि आठवलं — अस्तराला भोक पाडलंच नाही! अस्तराला धक्का लावायचा नाही, हे बोटांत बसलेलं. गोळी काय अस्तर बघून थांबली? कुणी ओळखलं तर हे तिकडेच कुजतील.

शुक्रवार, १४
कुण्णी ओळखलं नाही. चौकात काचेच्या पेटीत कोट, ही लांब रांग. भोकातून पांढरं अस्तर धडधडीत दिसतंय — आंधळी मेली सगळी! शेजारीण डोळे पुसत म्हणते, "किती सोसलं गं त्यांनी आपल्यासाठी!" मीही मान हलवली.

शनिवार, २२
सुट्टीवर आलेल्या शिपायाच्या हाती ह्यांची चिठ्ठी. "पाठ धरलीय, रिकामं पातेलं उचलवत नाही. लढाई चालू होती तेव्हा सेनापती तंबूत होते. अंडी कच्ची म्हणून दोनदा परत पाठवली. कुठे बोलू नकोस." खूप हसले. एक तरी माणूस आहे माझं, ज्याला खरं ठाऊक आहे.

शनिवार, २९
उद्या मतदान. भिंतीभिंतीवर कोट. तोंडसुद्धा नाही, नुसता कोट! "मग कोटालाच बसवा खुर्चीवर," म्हटलं. शेजारणीनं माझं तोंड दाबलं.

रविवार, ३०
सकाळी शेजारणीच्या रेडिओवर कुणी साक्षीदार. "गोळी लागताच मी साहेबांना पाठीवर घेतलं, दोन कोस पळालो."
आवाज ह्यांचा.
गल्लीनं टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी! दार लावून घेतलं. थू त्या तोंडावर. घरात पाऊल ठेवू देणार नाही.

मंगळवार, २
सेनापती निवडून आले. संध्याकाळी हे आले — वाकलेले, कमरेवर हात. दार उघडलं नाही.
बाहेरून म्हणाले, "नाहीच म्हणालो होतो गं मी. मग त्यांनी सांगितलं, भोक कुणी पाडलं ते."