डीबग दाबण्याआधी

प्रिय दीप्तीताई,

तीन आठवडे लिहायचं टाळतोय. फोनवर तू पहिलं विचारणार, "काय रे, ही पण नोकरी सोडलीस?" आणि मी चिडणार, म्हणून कागद घेतला. मढला शूटिंगचं सामान उचलायचो तेव्हा तिथल्या एका मांजरीने... जाऊ दे, ते परत कधी.

घाटकोपरच्या ऑफिसात बारावी नापास माणसाला पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला देतात, बघ. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला, लॅबच्या पेशंटना "तुमचा रिपोर्ट तयार आहे" असा मेसेज पाठवणारा. मेसेज खऱ्या पेशंटना जावेत की फक्त आमच्या टेस्टच्या फोनवर, हे ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून वाचते. म्हणजे ती सुरू व्हायच्या आधी बाहेरून सांगून ठेवायचं, नाही सांगितलं तर मेसेज खऱ्या पेशंटनाच जायचे. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या खिडकीत सांगायचो आणि तिथूनच चालवायचो. पण कोड लिहायचा एडिटर आयकॉनवरून उघडला की त्याला टर्मिनलमधलं काही कळत नाही, त्यातलं डीबगचं बटण दाबून प्रोग्राम चालवायचा तर त्याच्या सेटिंगमध्ये वेगळं भरावं लागतं. आमचे सीनियर देवदत्त सर, त्यांना मी हे सांगायला गेलो. म्हणाले, बारावीवाल्याने इंजिनिअरला शिकवू नये. आणि दाबलं डीबग.

सेटिंग रिकामी, चारशे खऱ्या पेशंटना मेसेज गेले. बोरिवलीच्या एक आजी रिक्षा करून लॅबवर आल्या, रिपोर्ट नव्हताच. त्यांचं फार वाईट वाटलं गं. काहीच सांगितलं नसेल तर थांब, असं स्क्रिप्टमध्ये लिहायला हवं होतं, ती चूक माझी. त्याच दिवशी लिहिलं, माफीही मागितली. पण मालकीण नीला मॅडम म्हणतात, बटण तूच दाबलंस असं मेलवर लिहून दे, नाहीतर एक तारखेपासून येऊ नकोस. नाही देणार. त्यांना काय करायचं ते करू देत.

आधीच्या पाच नोकऱ्या मी कंटाळून सोडल्या, कबूल. ही मला आवडते. अर्जात बाबांचा नंबर आहे, ऑफिसातून फोन गेला तर ते समजतील पोरगा परत पळाला. म्हणून हे पत्र. त्यांना आधी तू सांग, मी पळालो नाही. एक तारखेला दहाच्या ठोक्याला मी खुर्चीवर असणार. काढायचं तर तिथून उठवून काढा.

थांब, बेल वाजली.

देवदत्त सर आलेत, मुलुंडला, माझ्या खोलीवर, काखेत लॅपटॉप. लिहून देणार नाही, हे मी दारातच सांगितलं. म्हणतात, ते राहू दे रे, ती सेटिंग कुठे भरायची ते दाखव.

तुझाच,
सुशांत