सगुणाच्या नावाची भांडी

लिहून ठेवणार मार्तंड शिवराम तांबट, वय ७२, धंदा तांब्या-पितळेची भांडी, राहणार भांडी बाजार, नाशिक. माझे कान गेले आहेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, पत्नी वत्सलाबाई. ती तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हा खालील मजकूर माझा मीच, राजीखुशीने सांगत आहे.

१. राहतं घर व खालचं दुकान मुलगा मुरलीधर याला मिळावं. मी हयातभर दुकानात स्टील शिरू दिलं नाही. त्याने आता खुशाल ठेवावं. गिऱ्हाईक तेच मागतं, आणि माझ्या हट्टाने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

२. ऐरण, हातोड्या व ठोकणीचं सगळं सामान कारागीर सहादू यास द्यावं. ते त्याच्याच हाताने झिजलं आहे. कल्हईवाले खलील यांनाही काही द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला देता येत नाही असं वकील म्हणाले.

३. शेजारचे झुंबरशेठ यांना माळ्यावरचे सायकलचे सर्व फलक द्यावेत. सन १९७४ च्या नगरपालिका निवडणुकीत "मार्तंडराव, जुन्या वळणाचा माणूस पाहिजे" म्हणत त्यांनीच मला घोड्यावर बसवलं. मी घागर मागितली, चिन्ह मिळालं सायकल. मला सायकल येत नाही. तरी महिनाभर हात जोडत हिंडलो आणि घराण्याचं वळण, रीतभात यावर भाषणं ठोकली. त्याच वर्षी माझी मुलगी सगुणा हिने चांदवडचे शिक्षक जयराम साळवे यांच्याशी नोंदणी लग्न केलं होतं. ते बौद्ध. विरोधकांनी भर सभेत विचारलं, "घरात वळण नाही, वॉर्डाला काय लावणार?" मी माईक हातात घेऊन म्हणालो, मला मुलगी नाही. टाळ्या पडल्या.

मतदानाच्या दिवशी सगुणा आली. यादीत तिचं नाव माहेरचंच होतं. झुंबरशेठ माझे प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसले होते. ही विरोधात मत देणार असं समजून त्यांनी तिच्या ओळखीवर आक्षेप घेतला. अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. "तांबट, ही तुमचीच मुलगी ना?"

ती म्हणाली, "दादा, मी आहे."

बाहेर रांगेत सगळा भांडी बाजार उभा होता. मी म्हणालो, मी हिला ओळखत नाही.

ती मत न देता गेली. संध्याकाळी खलील दुकानात आले. "शेठ, पोटुशी पोरगी एस्टीत धक्के खात आली. कोनाला मत द्यायला आली असंल, तुमीच सांगा." दोनशे अकरा मतांनी पडलो. तिचं मत धरूनही पडलोच असतो. एवढ्यासाठी मी पोरीला पारखा झालो.

४. सगुणाच्या जन्मापासून दर दिवाळीला मी एक भांडं घडवून त्यावर "चि. सगुणा" असं नाव घालत होतो, तिला लग्नात द्यायला. निवडणुकीनंतर मी मुरलीधरला ती मोडीत काढायला सांगितली आणि रात्र व्हायच्या आत स्वतःच गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. बावीस भांडी आहेत. ती सगुणाची आहेत. वत्सलाबाई गेली तेव्हा सगुणा आली होती. आईच्या पायावर डोकं ठेवून, माझ्याकडे न बघता निघाली. मला "थांब" म्हणायचं होतं. म्हणालो नाही. खलीलकडून कळलं की नातू बारा वर्षांचा आहे. मी त्याला पाहिलेलं नाही.

५. भांडी देताना खलीलकडून कल्हई करून द्यावीत. ती घ्यायला नाही म्हणाली तर तिला दोष देऊ नये. गोणपाट पुन्हा बांधून ठेवावं आणि दर दिवाळीला विचारावं. ती दारात आली तर तिच्याकडे ओळख मागू नये. कोणी मागितलीच, तर हा कागद सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा:

सौ. सगुणा जयराम साळवे हिला मी ओळखतो. ही माझी मुलगी आहे.

ठिकाण: नाशिक
तारीख: १९ जानेवारी १९८७
सही: मार्तंड शिवराम तांबट

साक्षीदार:
१. खलील कादर शेख, कल्हईवाले
२. डॉ. यशवंत भास्कर गर्गे