दूध न देणारी गाय गोठ्यातच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पंचायत समिती कार्यालय,
जिल्हा गोंदिया.

अर्जदार : सौ. जमुना इंदरलाल रहांगडाले, वय ५१, शिक्षण सातवी पास, धंदा शेती, रा. मौजा पांढरझरी, बोदलकसा तलावाच्या खालच्या अंगाला.

विषय : माझ्या सहीचा पहिला अर्ज रद्द धरून, चांदणी नावाची गाय दुसऱ्या लाभार्थीकडे न देण्याबाबत.

संदर्भ : १) माझ्या नावाचा दि. ४ एप्रिल २०१७ चा अर्ज.
२) आपले हस्तांतरण पत्र, दि. १२ मे २०१७.

महोदय,

विनंतीपूर्वक कळविते की, संदर्भ क्र. १ चा अर्ज माझ्या नावाचा आहे, खालची सही माझी आहे, पण त्यातले म्हणणे माझे नाही. तो माझी मुलगी रविता हिने लिहिला. ती गोंदियाला बी.एस्सी. करते. आम्ही दोघी मायलेकींनी दूध, दही, तूप सोडलेले आहे. रविता त्याला व्हेगन म्हणते, गावातले लोक त्याला नखरे म्हणतात. दोघींनी एकच वस्तू सोडली म्हणजे दोघींच्या मनातलेही एकच असेल, असे धरून मी न वाचता सही केली. चूक माझी आहे. "गाय परत घेऊन गरजू महिलेस द्यावी" असे त्यात लिहिले होते, हे मला आपले पत्र आल्यावर कळले. सोमवारी, दि. २२ रोजी आपली गाडी चांदणीला न्यायला येणार आहे, म्हणून घाईने लिहिते.

१. प्रथम रविताचे म्हणणे लिहिते, कारण ते खोटे नाही. चांदणी आम्हाला आपल्या योजनेतून २०१४ च्या दिवाळीत गाभण मिळाली. पुढच्या उन्हाळ्यात यजमानांनी तिच्यासाठी बोअरच्या पाण्यावर हिरवा चारा पेरला. त्याच महिन्यात शेजारच्या टोलीची, म्हणजे छोट्या वस्तीची, विहीर तळाला गेली आणि तिथल्या बायका लांबून पाणी आणायला आमच्या बांधावरून डोक्यावर गुंड, म्हणजे हंडे, घेऊन जाऊ लागल्या. रविता त्यांच्याकडे पाहायची आणि चाऱ्याकडे पाहायची. गाईला दिवसाला किती बादल्या लागतात, चाऱ्याला किती तास मोटर चालते, हे तिने वहीत लिहून ठेवले. जंगलात गुरे सोडतात तिथे बांबूचा कोंब उरत नाही, हेही तिने मला नेऊन दाखवले. त्या दिवसापासून तिने दूध तोंडाला लावले नाही. तिचे म्हणणे पाण्यासाठी आहे, झाडासाठी आहे. गाईवर तिचा राग नाही, पण माझ्याएवढी मायाही नाही.

२. माझे कारण वेगळे आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. चांदणीला गोऱ्हा झाला होता. दूध केंद्रावरचा कॅन भरावा म्हणून मी त्याला एक सड ठेवायची. मग अर्धा ठेवू लागले. बाविसाव्या दिवशी तो गेला. डॉक्टर साहेबांनी कागदावर जुलाब लिहिला. मी माझ्या मनात दुसरे लिहिले. गाय वासराशिवाय पान्हा सोडेना, तेव्हा गावातल्या सुकरामने त्याचे कातडे सोलून, आत धानाचे तणस भरून, चार काड्यांचे पाय लावून उभे करून दिले. असे आमच्याकडे करतात, नवे काही नाही. चांदणी त्याला चाटायची, पान्हावायची, मी खाली बसून धार काढायची. धार काढताना माझ्या तोंडी आपोआप ओवी यायची. या भरलेल्या वासरापुढे ओवी कधी आली नाही. दूध मागून आटले, गाणे आधी आटले.

३. दहा महिने चाटून चाटून त्याच्या मानेचे केस गेले. अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, धानाची चुरणी-मळणी झाल्यावर मी जुने तणस काढून नवे भरले. नव्या तणसाचा वास गोड असतो, हे आपण जाणता. दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणीने चाटता चाटता मानेची शिवण उसवली आणि आतले तणस ओढून खाऊ लागली. डोळे मिटून खात होती आणि पान्हाही सोडत होती. बादली भरत होती. मी दाभण आणून मान शिवायला बसले. दोन टाके घातले. तिसरा माझ्याने घातला गेला नाही. बादली तिथेच ठेवून उठले. त्या दिवसापासून मी दूध सोडले. माझे कारण एवढेच आहे.

४. एकदम धार बंद केली तर तिची कास दगडासारखी झाली. मग रोज थोडे थोडे पिळून मातीत सोडावे लागले. रविता म्हणाली, "माय, एवढं पाणी पिऊन झालेलं दूध तू मातीत टाकून राहिली. टाकतेस कायले, बाबाले तरी दे." तेव्हा पंधरा दिवस यजमानांनी पोटभर चहा घेतला. दूध आटल्यापासून ते दोन्ही वेळा शेजाऱ्याकडे जातात आणि तिथे सांगतात, "घरी गाय बांधून आहे अन् मी चाय प्याले दुसऱ्याच्या दारी येऊन राहिलो." लोक हसतात. मीही हसते. पण ते चहा पिऊन येताना चांदणीसाठी गवताचा भारा आणतात, हे लिहिणे जरूर आहे.

५. आता आपल्या पत्राबाबत. पत्रासोबतच्या यादीत "गाईसोबत जमा करावयाचे साहित्य" या सदरात दावे एक, बादली एक, आणि "वासरू (भरलेले) एक" असे लिहिलेले आहे. पर्यवेक्षक साहेबांनी २०१५ साली गोठ्यात जे दिसले ते लिहिले, त्यांचा दोष नाही. दावे व बादली हजर आहे. तिसरे साहित्य मी सीताफळाच्या झाडाखाली पुरले आहे, ते जमा करू शकत नाही. त्याची काही भरपाई असेल तर कळवावे. पण दुसऱ्या घरी गेल्यावर तिला पुन्हा भरवतील, म्हणजे गाभण करतील, होणारे वासरू जगले तर ठीक, नाही जगले तर पुन्हा तणस. ते मी कोणत्या सदरात लिहावे?

६. मी हे रविताला बोलून पाहिले. ती म्हणाली, "तुझी गाय काही न देता आणखी दहा वर्षं पाणी पेल. त्याचा हिशोब कोन करल?" मी म्हटले, "मी म्हातारी झाल्यावर माझाही कर." त्यावर ती वही घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिने एक अट घातली, ती मी मान्य केली आहे. चांदणीला पुन्हा भरवायचे नाही, तिच्यासाठी हिरवा चारा पेरायचा नाही, कोरड्या तणसावर व बांधावरच्या गवतावर जगवायचे, आणि ती गेल्यावर आमच्या गोठ्यात दुसरे जनावर आणायचे नाही. आमच्या सासऱ्यांच्या आज्यापासून हा गोठा कधी रिकामा नव्हता. तसे हमीपत्र सोबत जोडले आहे. रविताला ते पुरेसे वाटत नाही. तिचे निवेदनही जोडले आहे.

७. योजनेच्या नियमात दूध न देणारी गाय ठेवता येत नसेल, तर माझे नाव लाभार्थ्यांतून कमी करावे, मला पुढे कोणतीही योजना देऊ नये, "अपात्र" असा शेरा मारावा. माझी हरकत नाही. फक्त गाडी पाठवू नये.

८. शेवटचे लिहायला मला दोन दिवस लागले. ज्यांच्या नावाने गाय जाणार आहे त्या रुख्माबाई मागच्या आठवड्यात येऊन गेल्या. नवरा नाही, आचल नावाची लहान मुलगी आहे. भाऊबंदांनी वेगळे काढल्यापासून त्या दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणीला जातात. त्या चांदणीसाठी ओले गवत घेऊन आल्या होत्या. मुलगी गाईच्या गळ्याखाली खाजवत होती आणि विचारत होती, "मायव, ही आपल्या घरी कधी येते?" मी त्यांना पाट दिला, पाणी दिले, बिनदुधाचा चहा दिला. रुख्माबाईने तो तोंड न वाकडे करता घेतला. त्यांनी आणलेले गवत मी चांदणीपुढे टाकले.

रुख्माबाईला दुसरी गाय द्यावी, असे मी या अर्जात लिहायला घेतले होते. तेवढ्यात हात थांबला. दुसरी गाय म्हणजे दुसरे वासरू, आणि ते कोणाच्या तरी गोठ्यात अर्ध्या सडावर. तिला गाय देऊ नका, असेही माझ्याने लिहिले जात नाही. भरल्या घरात बसून दूध सोडणे सोपे आहे, तिच्या घरात ते अजून आलेलेच नाही. आमची चाऱ्याची बांधी यंदापासून मोकळी राहील, ती तिला भाजीपाल्यासाठी द्यावी, असे माझ्या मनात आहे. यजमानांना अजून विचारलेले नाही. विचारीन.

तरी आपणास हात जोडून एवढेच मागते की, निर्णय काहीही झाला तरी रुख्माबाईला आपल्या कार्यालयाचे पत्र पाठवू नये. ती पत्र वाचायला दुसऱ्याकडे नेईल आणि दुसरा हसत वाचून दाखवील. तिला मी स्वतः चालत जाऊन सांगेन. काय सांगेन, ते मला अजून माहीत नाही. रविवारी सकाळी जाणार आहे, तोवर उत्तर यावे.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून,

सौ. जमुना इंदरलाल रहांगडाले
मौजा पांढरझरी
दि. १९ मे २०१७

सोबत :
१) हस्तांतरण पत्राची झेरॉक्स.
२) गोठ्यात यापुढे जनावर न आणण्याचे हमीपत्र.
३) कु. रविता इंदरलाल रहांगडाले हिचे स्वतंत्र निवेदन, एक पान. ते माझ्या विरोधात आहे, तरी जोडले आहे.